कुरवाळल्यानं पसरतं

"सुटली! रियाज, सुटली ती!"

डॉ. यामिनी कुराडे एवढ्या जोरात ओरडली, की टेबलावर आडवा झालेला तिचा कुत्रा ढब्बू दचकून उठून बसला. त्याच्या कुशीवर चिकटपट्टीनं बसवलेली पारदर्शक डबी निखळता निखळता राहिली. डबीत गोचिडी होत्या. आदल्या दिवशी सोडलेल्या, उपाशी. एरवी एव्हाना त्या कातडीत तोंड रोवून एरंडाच्या बियांसारख्या टम्म व्हायला लागल्या असत्या. आज मात्र सैरभैर होऊन डबीच्या कडेनं फिरत होत्या. एकीनं यामिनीच्या डोळ्यांदेखत चावा घेतला, ढब्बूनं लगेच मागचा पाय उचलून खाजवायची खटपट केली, आणि ओल्या भिंतीवरचा कागद निसटावा तशी ती गोचीड घसरून खाली पडली.

"एका गोचिडीवर नाचायचं नसतं," भिंगातून बघत रियाज मुजावर म्हणाला. पण भिंग काही खाली ठेवेना. थोड्या वेळानं दुसरी पडली, मग तिसरी. तेव्हा मात्र त्यानं भिंग ठेवलं, ढब्बूचं थोराड पिवळं डोकं दोन्ही हातांत धरलं आणि त्याच्या कपाळाचा चक्क मुका घेतला.

चिंचखिंड हे आजऱ्याच्या पुढं, घाटाच्या तोंडाशी वसलेलं गाव. पुढं काजूच्या बागा, मागं जंगल. यामिनी तिथं गुराढोरांचा आणि कुत्र्यामांजरांचा दवाखाना चालवायची. गेल्या काही वर्षांत थंडी अशी पडेनाशीच झाली होती, त्यामुळं गोचिडींना वर्षभर सुगी. मानेवर टाकायचे थेंब झाले, गळपट्टे झाले, गोळ्या झाल्या. गोचिडी सगळ्यांना पुरून उरल्या. हिरड्या पांढऱ्याफटक पडलेली, नाकातून रक्त गळणारी कुत्री लोक पोत्यात घालून आणायचे, आणि यामिनीला पुष्कळदा ती तशीच परत पाठवावी लागायची. त्यात नवा ताप आला. आधी कुत्र्यांना, मग माणसांना. या गावात पहिल्यांदा सापडला म्हणून त्याचं नावच खिंडताप पडलं.

रियाज तिचा कॉलेजातला दोस्त, एका बाकावर बसलेला. पुढं तो कोल्हापूरला एका प्रयोगशाळेत सूक्ष्मजंतूंच्या मागं लागला. गोचीड मारायचा नादच सोडायचा, ही कल्पना त्याची.

"हे बघ," तो सांगायचा, "गोचीड चावते तेव्हा दोन कामं करते. तिच्या लाळेत भूल असते, म्हणून चावलेलं कळत नाही. आणि त्याच लाळेत एक चीक असतो, तो सिमेंटासारखा घट्ट होतो, म्हणून ती दिवसेंदिवस चिकटून राहते. रोगाचे जंतू अंगात उतरायला तिला काही तास निवांत मिळावे लागतात. भूल उतरवली आणि सिमेंट सैल केलं, तर तिला तो निवांतपणा मिळेल कुठून?"

कुत्र्याच्या कातडीवर लाखो निरुपद्रवी जंतू सुखानं नांदत असतात. त्यांतलाच एक रियाजनं उचलला आणि त्याला दोन नवी कामं शिकवली: लाळेतली भूल मोडायची आणि चीक घट्ट होऊ द्यायचा नाही. लेपातून तो जंतू कुत्र्याच्या अंगावर सोडला की तिथंच त्याचा संसार सुरू. तो भलतीकडं पसरू नये म्हणून त्याला एक कुलूप घातलं होतं. निसर्गात न सापडणाऱ्या एका साखरेवाचून तो जगूच शकत नव्हता. ती साखर दर आठवड्याला भाकरीवर भुरभुरायची. साखर थांबली की जंतू मेला.

रीतसर परवानगी घेऊन गावातल्या कुत्र्यांना लेप लावला गेला, आणि पावसाळा सरेपर्यंत दवाखान्याचं रूपच पालटलं. लोक कुत्र्यांचे कान उलटे करून करून बघायचे आणि हसायचे. पांढऱ्या हिरड्या गुलाबी झाल्या. यामिनी तर हवेतच होती. जेवताना, दात घासताना, स्कूटर चालवताना ती तेच बोलायची आणि तिची धाकटी बहीण कल्याणी ऐकून घ्यायची. कल्याणी बाळंतपणासाठी माहेरी आली होती. नवरा जहाजावर, आईवडील नाहीत; तेव्हा माहेर म्हणजे ताई आणि ढब्बू. ढब्बू दिवसभर तिच्या पायांवर डोकं टाकून पडलेला असायचा.

एका दुपारी परसातून कल्याणीची हाक आली. "ताई, काहीतरी चावलं गं! केवढी खाज सुटलीय!"

यामिनी धावली. कल्याणीच्या घोट्यापासून बोटभर अंतरावर, फरशीवर, एक गोचीड उताणी पडून पाय झाडत होती.

यामिनीच्या अंगावर सर्रकन काटा आला, तो आधी आनंदाचा. गोचीड चावलेली माणसाला कधी कळत नाही. कल्याणीला कळली होती. आणि ती गोचीड चिकटलेली नव्हती, सुटली होती. मग त्याचा अर्थ तिच्या ध्यानात आला: जंतू माणसाच्या अंगावर आला होता.

कापसाच्या बोळ्यांनी दोघींच्या हातापायांवरचे नमुने घेऊन तिनं त्याच दिवशी कोल्हापूरला धाडले. रियाजचा फोन आला.

"तुझ्या तळव्यांवर आहे. कल्याणीच्या पायांवर, मानेवर आहे. माझ्या दाढीतसुद्धा आहे, यामिनी."

"पण साखर? माणसं कुठं साखर खातायत?"

"लागतच नाही त्याला आता. आपल्या कातडीवर एक जुना रहिवासी जंतू असतो ना, त्याच्याकडून यानं एक जनुक उचललंय. जंतू अशी देवाणघेवाण करतात, माहितीय तुला. आपण कुलूप घातलं, यानं शेजाऱ्याकडून किल्ली उसनी घेतली. माणसाच्या अंगावर तो आता मोकळा आहे."

"म्हणजे कुत्र्याला कुरवाळलं की..."

"कुरवाळल्यानं पसरतं. आणि कुरवाळणाऱ्याला गोचीड धरत नाही. हसू की रडू, तेच कळेना झालंय मला."

यामिनीनं फोन ठेवला आणि सरळ कल्याणीसमोर जाऊन बसली. काही न लपवता सगळं सांगितलं. मग म्हणाली, "चल, ऊठ. जंतुनाशक साबणानं आठवडाभर रोज अंघोळ केली की जाईल. आजच सुरू करू."

कल्याणी जागची हलली नाही. "त्यानं काय होतं मला?"

"अजून तरी काही झालेलं दिसत नाही. पण बाळाला काय होईल ते कुणालाच माहीत नाही."

"आणि साबणानं धुतल्यावर खिंडताप झाला तर बाळाला काय होईल?"

यामिनीनं तिला उठवायला हात पुढं केला.

"ते तरी माहीत आहे ना?" कल्याणीचा आवाज चढला. "आबा शिंत्र्यांची बायको, गंगूकाकू, गडहिंग्लजला दवाखान्यात पडलीय, तिच्या हिरड्यांतून रक्त येतंय. ते मी बघून आलेय. तुझा जंतू माझ्या अंगावर आला तेव्हा मला कुणी विचारलं नाही. आता निदान घालवताना तरी विचार. हुकूम नको सोडूस."

"मी हुकूम नाही सोडत गं, मी..."

"सोडतेयस. मला ढब्बूसारखं वागवतेयस. धरलं मानगूट की लावला लेप."

हे यामिनीला फार लागलं. ती उठून दवाखान्यात गेली, संगणक उघडला आणि घडला प्रकार जसाच्या तसा जिल्ह्याच्या रोग नियंत्रण समितीला कळवला. पाठवण्याआधी रियाजला वाचून दाखवला. "संपलं आपलं काम," तो म्हणाला, "पण पाठव."

समितीच्या अध्यक्ष डॉ. सुलभा इनामदार दुसऱ्या दिवशी पडद्यावर आल्या. केस पिकलेल्या, सौम्य आवाजाच्या, पण शब्दाला पक्क्या.

"तुम्ही लगेच कळवलंत, याबद्दल आभार. आता प्रयोग बंद. सगळ्या कुत्र्यांना, सगळ्या माणसांना जंतुनाशक अंघोळ. आणि कुत्र्यांमुळं ताप पसरतोय अशी गावाची तक्रार आलेलीच आहे, त्यामुळं मोकाट कुत्री उचलायला गाड्या गुरुवारी येतील."

"मॅडम, कुत्र्यांमुळं ताप पसरत नाहीये," यामिनी म्हणाली. "उलट झालंय. ताप कोणत्या घरांत आलाय ते एकदा बघा. जी घरं कुत्र्याला दारात उभं करत नाहीत, त्याच घरांत. जिथं कुत्री अंगाखांद्यावर खेळतात, तिथं एकही रुग्ण नाही."

"असेल. पण कुत्री लाडानं पाळणारी माणसं रोज त्यांच्या गोचिडी वेचतात, स्वच्छता ठेवतात. ताप त्यामुळंही आला नसेल. नाही का?"

प्रश्न रास्त होता.

"मग मोजू द्या मला," यामिनी म्हणाली. "गुरुवारपर्यंत तरी."

मग जी धावपळ उडाली तिला तोड नाही. रियाज यंत्रं गाडीत घालून आला. दोघं घरोघर फिरले. आधी समजावून सांगायचं, विचारायचं, हो म्हटलं तरच बोळा लावायचा. बरेच जण हो म्हणाले. त्यांत काही घरं अशी निघाली, की तिथली माणसं कुत्र्याचं काहीच बघत नव्हती, गोचिडी वेचणं तर दूरच. फक्त शेजारचं कुत्रं ओट्यावर येऊन बसायचं आणि जाता येता कुणी त्याच्या पाठीवरून हात फिरवायचं. त्या घरांतही जंतू होता, आणि त्या घरांतही ताप नव्हता. रियाजनं आकडे मांडले, पुन्हा मांडले, आणि गाडीच्या टपावर थाप मारून "या अल्लाह!" म्हणून ओरडला.

इनामदार मॅडम गुरुवारी गाड्यांच्या आधी स्वतः येऊन थडकल्या. आकडे वाचले, उलटसुलट प्रश्न विचारले. मग चष्मा काढून पुसत म्हणाल्या, "पुरावा पक्का नाही, पण फेकून देण्यासारखाही नाही. गाड्या परत पाठवते. पण एका अटीवर. गावातल्या प्रत्येकाला खरं सांगायचं. ज्याला जंतू ठेवायचा त्यानं ठेवावा, आम्ही वर्षभर तपासणी करू. ज्याला नको त्याला साबण. जबरदस्ती कुणावरच नाही."

शाळेच्या पटांगणात ग्रामसभा भरली. उन्हं अजून कलली नव्हती. यामिनीनं सगळं सांगितलं: भूल, सिमेंट, कुलूप, उसनी किल्ली. सांगून झालं तसे आबा शिंत्रे उठले. कुत्री न्या म्हणून तक्रार केलेली ती त्यांनीच.

"डाक्टरीनबाई, एक इचारतो. ह्ये तुमी आमच्या अंगावर सोडलासा, तवा आमास्नी इचारलासा?"

"नाही, आबा. आम्हाला वाटलं होतं ते कुत्र्यांवरच राहील. आमची समज चुकली. कळल्यावर मात्र एक दिवससुद्धा दडवलं नाही."

"आनि उद्या ह्यातनं दुसरंच काय निगालं तर?"

"निघू शकतं. नाही निघणार, असं छातीठोक सांगितलं तर ते खोटं होईल."

सभेत कुजबुज झाली. रियाजनं कपाळाला हात लावला; एवढं खरं बोलायची काही गरज होती का, असा त्याचा चेहरा. तेवढ्यात कल्याणी उठून उभी राहिली. आठवा महिना संपत आलेला, एक हात कमरेवर.

"मी सांगते," ती म्हणाली. "माझ्या अंगावर तो आहे. गोचीड चावली आणि गळून पडली, हे मी स्वतः पाहिलंय. बहीण माझी आहे, तरीही मी तिच्याशी भांडले, कारण मला निवडायला मिळालं नव्हतं. आज तुम्हाला मिळतंय. घाबरून निवडू नका, आणि कुणाच्या भिडेनंही निवडू नका."

पटांगणात दोन टेबलं मांडली. एकावर साबणाच्या वड्या. दुसऱ्यापाशी ढब्बू आणि गावातली आणखी दहाबारा कुत्री, आजपर्यंत ज्यांनी 'हाड' याखेरीज दुसरा शब्द क्वचितच ऐकला असेल. दोन्हीकडं रांगा लागल्या. कुत्र्यांकडची रांग बघता बघता पार फाटकाबाहेर गेली. पोलीस पाटील, किराणा दुकानदार, अंगणवाडीच्या बाई एकेक करून कुत्र्याच्या पाठीवरून हात फिरवत होते, कुत्री आधी शेपट्या आत घालून बिचकत होती आणि मग लाडात येऊन लोळत होती. हशा, ओरडा, भुंकणं यांनी पटांगण दणाणून गेलं. रांगेत आबा शिंत्रेही दिसले तेव्हा यामिनी चकित झाली.

"सोमवारी गंगू घरला याची हाय," ते कुणाकडंही न बघता म्हणाले. "तिला आता दुसऱ्यांदा सोसायचं न्हाई. तिच्याजवळ बसायचं म्हंजे..." त्यांनी आयुष्यात कुत्र्याला हात लावला नव्हता. बैलाला मारावी तशी ढब्बूच्या पाठीवर दणकन थाप मारली. ढब्बूनं मागं वळून त्यांचं मनगट चाटलं. आबा हात तसाच अधांतरी धरून बघत राहिले.

यामिनीला कुणाला तरी मिठी मारावीशी वाटली. ती कल्याणीला शोधायला वळली, आणि थबकली. कल्याणी साबणाच्या रांगेत उभी होती.

"तू?" यामिनी तिच्याजवळ गेली. "सगळ्या गावाला सांगितलंस, आणि तू..."

"मी जंतू घ्या असं कुठं म्हणाले? निवडा म्हणाले." कल्याणीनं साबणाची वडी उचलली. "मी एकटी असते तर ठेवला असता, ताई. पण बाळंतपण व्हायचंय, आणि पोटातल्या बाळाचं काय होतं ते मॅडमनाही माहीत नाही. मी घरातच राहीन, जाळीबाहेर पाऊल टाकणार नाही. चालेल तुला?"

यामिनीला क्षणभर वाईट वाटलं, अगदी नाकारल्यासारखं. मग स्वतःचंच हसू आलं. तिनंही एक वडी उचलली. "माझ्या हातांवर जंतू ठेवून तुला न्हाऊ कशी घालणार? आता मलाही धुवावं लागेल."

त्या आठवड्यात दोन्ही बहिणी रोज दुपारी न्हाणीघरात बसून लहानपणासारख्या एकमेकींच्या पाठी चोळायच्या. साबणाला औषधाचा उग्र वास होता आणि कल्याणी त्याच्या नावानं खडे फोडायची. रियाज ढब्बूला कोल्हापूरला घेऊन गेला. रोज त्याचे फोटो पाठवायचा. ज्यानं सगळ्या गावाला वाचवलं त्या जंतूविना राहणाऱ्या मोजक्या घरांत आता खुद्द यामिनीचंही होतं. रोज दवाखान्यातून आल्यावर ती कपडे बाहेर झटकायची, हात औषधात बुचकळायची, पायांच्या बोटांच्या बेचक्या चाचपायची, आणि चाचपताना इतर सगळ्या जगाला गोचिडीची किती धास्ती वाटते ते तिला नव्यानं समजायचं.

मुलगी झाली. धडधाकट, काळ्याभोर जावळाची. तोवर चिंचखिंडीत खिंडतापाचा नवा रुग्ण आढळलेला नव्हता. गंगूकाकू काठी टेकत अंगणात फिरू लागली होती. घाटाखालच्या गावांतून, पलीकडच्या तालुक्यांतून इनामदार मॅडमना फोन येत होते, आणि त्या प्रत्येकाला एकच सांगत होत्या: आधी सभा, मग कुत्री. गावात ज्या गरोदर बायकांनी जंतू ठेवला होता त्यांचीही बाळंतपणं सुखरूप झाली. यामिनीनं प्रत्येक बाळाचा अहवाल कल्याणीला आणून दाखवला. सल्ला मात्र एका शब्दाचा दिला नाही. जिभेवर आलेला कितीदा तरी गिळला.

बाळ दोन महिन्यांचं झालं तेव्हा कल्याणी म्हणाली, "ढब्बूला बोलाव."

रियाज त्याच दिवशी घेऊन आला. गाडीचं दार उघडताच ढब्बू उडी मारून सुसाट ओसरीकडं आला. यामिनीनं मध्ये पडून त्याचा पट्टा धरला. कल्याणी बाळाला मांडीवर घेऊन बसली होती.

"मी हात लावला की बाळालाही लागणार ना?" तिनं विचारलं.

"लागणार. तुझ्या अंगावर आलं की तिच्या अंगावर आलंच. आईच्या हाताला तुझं-माझं असं काही वेगळं ठेवता येत नाही."

"म्हणजे तिच्या वाटचं मलाच ठरवावं लागणार. तिला न विचारता."

"हो."

कल्याणीनं मुलीकडं पाहिलं. मुलगी डोळे मोठे करून त्या पिवळ्या धुडाकडं बघत होती. यामिनीची पट्ट्यावरची मूठ घट्ट झाली. तिला ओरडून सांगायचं होतं, की घाबरू नकोस, मी शंभरदा तपासलंय. तिनं ढब्बूला मागं ओढून धरलं.

"काय काय माहीत आहे ते तू सांगितलंस," कल्याणी सावकाश म्हणाली. "काय माहीत नाही तेही सांगितलंस. ही मोठी होऊन विचारेल तेव्हा तिला सांगायला माझ्याजवळ एवढं आहे." मग ती एकदम हसली. "सोड त्याला, ताई. बिचारा केव्हाचा ओढ घेतोय."

यामिनीनं मूठ उघडली.